पिकअपसाठी स्नो चेन कशी निवडायची? टायरचा आकडा, चाकामागची जागा आणि रस्त्यावरचा नियम

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून लेक टाहोला निघालेलं कुटुंब घराबाहेर पडतं, तेव्हा बाहेर साधं जर्किन पुरेल एवढीच थंडी असते. सॅक्रामेंटोपर्यंत रस्ता जवळपास समुद्रसपाटीवरून जातो. तिथून आय-८० महामार्ग चढायला लागतो आणि साधारण दीड तासात डॉनर समिटला ७,२३९ फुटांवर, म्हणजे २,२०० मीटरवर पोहोचतो. पाऊस कधी बर्फ झाला ते कळतही नाही. मग रस्त्याकडेला पाटी दिसते : चेन बंधनकारक.

इथे पिकअपवाले बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, "आपली गाडी फोर बाय फोर आहे, चेन कशाला?" दुसऱ्याकडे चेन असते, पण ती जुन्या गाडीची असते किंवा दुकानातली सगळ्यात जाड म्हणून उचललेली असते. बर्फात, काळोखात, ओल्या हातांनी लावायला घेतल्यावर कळतं की ती टायरवर बसतच नाही. किंवा बसते, पण आतल्या बाजूला ब्रेकच्या नळीला घासते.

म्हणून चेन निवडताना "सगळ्यात मजबूत कोणती?" हा पहिला प्रश्न नसतो. "माझ्या टायरवर नेमकी बसणारी आणि माझ्या गाडीत फिरायला जागा असलेली कोणती?" हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर घरीच, गाडी कोरड्या जागेत उभी असताना शोधायचं असतं.

थोडक्यात

- आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. चेन चालते का, कोणत्या चाकांवर चालते आणि कोणत्या आकाराच्या टायरवर चालते, हे त्यात लिहिलेलं असतं.
- टायरच्या बाजूवर लिहिलेला पूर्ण आकार टिपा. फक्त रिमचे इंच सांगून चेन घेऊ नका.
- टायर आणि गाडीच्या भागांमध्ये किती जागा आहे ते मोजा. एस, यू आणि डब्ल्यू हे वर्ग त्या जागेचे आहेत, दर्जाचे नाहीत.
- जागा पुरेशी असेल तर डायमंड नमुन्याची कड्यांची चेन, जागा कमी असेल तर केबल.
- घरी एकदा लावून बघा. घाटात पहिल्यांदा लावू नका.

चेन नेमकं काय करते?

गाडी वळते, थांबते आणि पुढे जाते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ०.१ च्या आसपास.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक दाबले, तर गुणांक ०.७ असताना ती सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. गुणांक ०.२ असेल तर जवळपास ३१ मीटर लागतात आणि ०.१ असेल तर ६३ मीटर. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

चेनच्या कड्या गाडीच्या वजनाने बर्फात रुततात आणि टायरला धरायला कडा मिळते. रबर जिथे घसरतं तिथे लोखंड ओरखडतं, एवढं साधं हे गणित आहे. पण त्यामुळे रस्ता कोरड्यासारखा होत नाही. चेन लावूनही वेग कमीच ठेवावा लागतो.

सिएरा नेवाडातला बर्फ तर आणखी त्रासदायक असतो. प्रशांत महासागरावरून येणाऱ्या वादळांमुळे तो ओला आणि जड पडतो. तिथले लोक त्याला "सिएरा सिमेंट" म्हणतात. दिवसा चाकांखाली तो दाबला जातो, थोडा वितळतो आणि सूर्य मावळल्यावर पुन्हा गोठतो. म्हणून रविवारी संध्याकाळी टाहोहून परत उतरणारा रस्ता शनिवारी सकाळी चढलेल्या रस्त्यापेक्षा जास्त घसरडा असू शकतो.

फोर बाय फोर असताना चेन का?

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. त्यामुळे गाडी जागेवरून सुटते आणि चढ चढते. पण थांबताना काय? ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांवर असतात. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरचा काहीच फायदा नसतो. उलट गाडी सहज पुढे जाते म्हणून चालकाला रस्ता किती घसरडा आहे याचा अंदाज येत नाही, आणि उतारावर पहिला ब्रेक दाबल्यावर तो येतो.

पिकअपची आणखी एक अडचण आहे. इंजिन आणि केबिन पुढे, मागचा हौदा रिकामा. त्यामुळे मागच्या चाकांवर वजन कमी पडतं. टू व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये गाडी ढकलण्याचं काम याच हलक्या मागच्या चाकांकडे असतं. चढावर ती जागच्या जागी फिरतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. म्हणून बर्फात रिकामी पिकअप साध्या फ्रंट व्हील ड्राइव्ह कारपेक्षाही वाईट चालू शकते.

कॅलिफोर्नियातले नियम : आर-१, आर-२, आर-३

कॅलिफोर्नियाचा रस्ते विभाग, म्हणजे कॅलट्रान्स, बर्फ पडला की तीनपैकी एक पातळी जाहीर करतो.

आर-१ : ज्या चाकांना ताकद मिळते त्यांवर चेन, मान्यताप्राप्त पर्यायी साधन किंवा स्नो टायर हवेत. फोर व्हील आणि ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना सूट.

आर-२ : सगळ्या गाड्यांना चेन किंवा पर्यायी साधन लावायला हवं. सूट फक्त त्या फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना, ज्यांच्या चारही चाकांवर बर्फासाठीच्या नक्षीचे टायर आहेत.

आर-३ : सगळ्यांना चेन, कोणालाही सूट नाही. ही पातळी क्वचित लागते, कारण परिस्थिती इतकी बिघडली की बहुतेक वेळा रस्ताच बंद केला जातो. मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या हिमवादळात आय-८० बंद ठेवावा लागला होता.

यात एक गोष्ट हमखास निसटते. सूट लावण्यापासून आहे, सोबत ठेवण्यापासून नाही. चेन नियंत्रणाच्या भागात फोर बाय फोर पिकअपमध्येही चेन असावीच लागते.

दुसरी गोष्ट ट्रेलरची. पिकअपमागे स्नोमोबाइलचा किंवा सामानाचा ट्रेलर जोडला असेल, तर सूट संपते. ओढणाऱ्या गाडीच्या ताकद मिळणाऱ्या एका ॲक्सलवर चेन लागते, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्याच्याही किमान एका ॲक्सलवर. म्हणजे दोन वेगवेगळ्या आकारांचे चेनचे जोड घ्यावे लागतात.

चेन लागू असताना वेगमर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल असते, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर. निघण्यापूर्वी कॅलट्रान्सच्या क्विकमॅप या ॲपवर त्या क्षणाची स्थिती पाहता येते.

राज्य बदललं की नियम बदलतो. कोलोरॅडोत आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे दरम्यान टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते, आणि त्यासोबत फोर बाय फोर किंवा बर्फासाठी योग्य टायर असावे लागतात. नाहीतर चेनसारखं साधन जवळ हवं. वॉशिंग्टन राज्यात १०,००० पौंडांहून अधिक एकूण वजनक्षमतेच्या गाड्यांनी १ नोव्हेंबर ते १ एप्रिल दरम्यान चेन बाळगणं सक्तीचं आहे. साधी पिकअप या आकड्याच्या खाली असते. पण एक टन वर्गातली मोठी पिकअप, किंवा ट्रेलर धरून झालेली जोडगाडी, या आकड्याच्या वर जाऊ शकते. ही वजनक्षमता चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते.

पायरी १ : मॅन्युअल उघडा

हे कंटाळवाणं काम आहे, पण पैसे खर्च करण्याआधी हेच करायचं. मॅन्युअलमध्ये "टायर चेन" किंवा "स्नो चेन" असा मजकूर शोधा. तीन गोष्टी पाहा.

पहिली, कोणती चाकं. अनेक पिकअपचं मॅन्युअल, गाडी फोर बाय फोर असली तरी, चेन फक्त मागच्या चाकांवर लावायला सांगतं. पुढची चाकं वळतात. त्यांच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या नळ्या, सेन्सरच्या वायरी आणि सस्पेन्शनचे भाग दाटीने बसवलेले असतात. चाक पूर्ण वळवल्यावर चेन त्यांना लागू शकते.

दुसरी, कोणते टायर. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या प्रकारांना वेगवेगळे टायर असतात. काही मोठ्या रिमच्या, रुंद टायरवर चेन लावूच नका, असं कंपनीच सांगते. तशी सूचना असेल तर हिवाळ्यासाठी लहान रिम आणि योग्य टायरचा वेगळा संच घेणं हाच खरा उपाय असतो.

तिसरी, कोणत्या वर्गाची चेन. याबद्दल पायरी ३ मध्ये.

पायरी २ : टायरचा पूर्ण आकार टिपा

टायरच्या बाजूवर "२६५/६५ आर १७" असा आकडा असतो. २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. कधी सुरुवातीला "एलटी" ही अक्षरं असतात. ते लाइट ट्रक टायर, म्हणजे जड कामासाठीचे. त्यांची नक्षी खोल आणि खांदे जाडजूड असतात, त्यामुळे तोच आकडा असूनही चेन थोडी घट्ट बसू शकते. दुकानात ही अक्षरंही सांगा.

आता नुसते रिमचे इंच का फसवतात ते पाहा. टोयोटा टाकोमासारख्या मध्यम आकाराच्या पिकअपवर आढळणारे तीन टायर घेऊ. बाहेरचा व्यास असा येतो :

- २६५/७० आर १६ : सुमारे ७७७ मिलिमीटर
- २६५/६५ आर १७ : सुमारे ७७६ मिलिमीटर
- २६५/६० आर १८ : सुमारे ७७५ मिलिमीटर

रिम १६, १७ आणि १८ इंचांचे, पण बाहेरून टायर जवळपास एकाच मापाचे. म्हणून चेनच्या पाकिटावर हे तीन आकार अनेकदा एकत्र दिसतात.

आता चौथा घ्या : २६५/७० आर १७. रुंदी तीच, रिमही १७ चा. फक्त ६५ च्या जागी ७०. व्यास होतो सुमारे ८०३ मिलिमीटर, आणि घेरात फरक पडतो ८ सेंटिमीटरहून जास्त. आधीच्या टायरची चेन यावर बहुधा जोडलीच जाणार नाही. आणि याची चेन आधीच्या टायरवर लावली तर ती सैल राहील, फिरताना बाहेर फेकली जाईल आणि चाकाच्या कमानीवर आपटेल.

सैल चेनचं नुकसान कल्पनेपेक्षा मोठं असतं. सुटलेलं टोक दर फेऱ्याला चाबकासारखं फिरतं. त्याने मडगार्ड फाटतो, एबीएसच्या सेन्सरची वायर तुटते, आणि वाईटात वाईट म्हणजे ब्रेकची नळी कापली जाते. तीही नेमकी उतारावर.

म्हणून पाकिटावरच्या यादीत तुमचा पूर्ण आकार छापलेला असेल तरच ती चेन घ्या. "चालून जाईल" या शब्दावर घेऊ नका.

पायरी ३ : जागा मोजा

अमेरिकेत सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने चेनचे वर्ग ठरवले आहेत. टायर आणि गाडीचा सगळ्यात जवळचा भाग यांच्यात किमान किती मोकळी जागा हवी, त्यावरून हे वर्ग पडतात.

- वर्ग एस : टायरच्या वर ३७ मिलिमीटर, बाजूला १५ मिलिमीटर
- वर्ग यू : वर ५० मिलिमीटर, बाजूला २३ मिलिमीटर
- वर्ग डब्ल्यू : वर ६४ मिलिमीटर, बाजूला ३८ मिलिमीटर

एस म्हणजे हलकी आणि डब्ल्यू म्हणजे भारी, असं समजून लोक डब्ल्यू उचलतात. पण एवढी जागा नसलेल्या गाडीला डब्ल्यू वर्गाची चेन सगळ्यात धोकादायक. मॅन्युअलमध्ये एस लिहिलं असेल तर एसच घ्यायची. अनेक आधुनिक पिकअप बाहेरून धिप्पाड दिसल्या तरी चाकामागे फार जागा नसते.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. वरची जागा सहज दिसते : ३७ मिलिमीटर म्हणजे साधारण दोन बोटं आडवी. खरी अडचण आतल्या बाजूला असते. टॉर्च घेऊन चाकामागे बघा. टायरच्या आतल्या बाजूला सगळ्यात जवळ काय आहे? पिकअपमध्ये ते बहुधा मागचे पाटे, शॉक ॲब्झॉर्बर किंवा ब्रेकची नळी असते. मधल्या फटीत पट्टी घालून मोजा. दोन्ही बाजूंना मोजा, कारण डावी-उजवी रचना नेहमी सारखी नसते.

हौद्यात सामान भरल्यावर किंवा ट्रेलर जोडल्यावर गाडीची मागची बाजू खाली बसते आणि वरची जागा कमी होते. म्हणून नेहमीच्या सहलीइतकं सामान ठेवून मोजलं तर अंदाज खरा येतो.

गाडी उचललेली असेल किंवा टायर बदललेले असतील तर?

पिकअप हौसेने उंच करणारे खूप आहेत. उंची वाढवली की वर जागा वाढते, म्हणून "आता कुठलीही चेन बसेल" असं वाटतं. पण त्यासोबत टायर रुंद घातले असतील तर आतली जागा उलट कमी होते. ब्रेकची नळी वर नाही, आत असते. शिवाय मूळ आकार बदलल्यावर मॅन्युअलमधली टायरची यादी तुमच्या गाडीला लागू राहत नाही. अशा वेळी स्वतःचं मोजमाप हाच आधार.

मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं असलेल्या एक टन पिकअपचा मामला आणखी वेगळा. त्यासाठी जोडचाकांची वेगळी चेन मिळते, किंवा फक्त बाहेरच्या चाकावर एकेरी चेन लावतात. कोणती पद्धत मान्य आहे ते मॅन्युअल आणि त्या राज्याचा नियम, दोन्हीकडे पाहून ठरवा.

पायरी ४ : प्रकार निवडा

शिडीसारखी चेन. दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या साखळ्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दणकट आणि दुरुस्त करायला सोपी. चढावर आणि सरळ ब्रेकला पकड चांगली. पण दोन पायऱ्यांमध्ये रिकामी जागा असते, त्यामुळे गाडी खडखडते आणि बाजूला सरकण्याला विरोध कमी मिळतो. खोल बर्फ, कच्चा रस्ता, शेतातलं काम यासाठी योग्य.

डायमंड चेन. साखळ्या तिरक्या, चौकटच्या आकारात विणलेल्या. टायर फिरताना कुठली ना कुठली साखळी रस्त्याला टेकलेलीच असते. त्यामुळे गाडी कमी हादरते, आणि वळणावरची पकड शिडीपेक्षा चांगली. घाटरस्त्यावर, सहलीसाठी चालणाऱ्या पिकअपला जागा पुरत असेल तर हा सगळ्यात समतोल पर्याय. किंमत मात्र जास्त.

केबल. कड्यांऐवजी पोलादी तारेचा दोर आणि त्यावर धातूच्या नळ्या किंवा गुंडाळी. पातळ असल्यामुळे कमी जागेत बसते, वजनाला हलकी, लावायला सोपी. वर्ग एसमध्ये ही जास्त मिळते. पण जाड कड्यांइतकी बर्फात रुतत नाही आणि उघड्या डांबरावर लवकर झिजते. वर्षातून दोन-तीनदा टाहोला जाणाऱ्या, कमी जागेच्या पिकअपला पुरेशी. रोज बर्फातून कामावर जाणाऱ्याला नाही.

कापडी मोजे. टायरवर चढवायचं खडबडीत कापडाचं आवरण. लावायला सगळ्यात सोपं आणि जागा अगदी कमी लागते. पण जड पिकअपखाली ते लवकर फाटतं, विशेषतः मध्येच कोरडा रस्ता लागला की. त्या राज्यात ते मान्य आहे का हे आधी पाहा. अडीनडीला जवळ ठेवायला ठीक.

कड्यांचा आकारही पाहा. गोल कडीपेक्षा चौकोनी कडांची, पीळ दिलेली कडी गोठलेल्या बर्फात चांगली रुतते. काही चेनच्या आडव्या कड्यांवर इंग्रजी व्ही आकाराचे दात जोडलेले असतात. ते काचेसारख्या बर्फासाठी, पण त्यांना जागा जास्त लागते आणि डांबरावर ते फार हादरवतात.

युरोपातली चेन पाहत असाल तर पाकिटावर ऑस्ट्रियाचं ओ-नॉर्म हे मानक दिसेल : व्ही ५११७ मोटारींसाठी, व्ही ५११९ फोर बाय फोर आणि जड गाड्यांसाठी. ईएन १६६६२-१ हे नवं युरोपीय मानक आहे.

घट्ट करायची सोय कशी आहे?

चेन लावल्यावर ती टायरला आवळून बसली पाहिजे. त्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, वेगळा रबरी ताण : कोळ्याच्या जाळ्यासारखा रबर चाकाच्या बाहेरच्या बाजूला अडकवायचा. स्वस्त, पण थंडीत रबर कडक होतं आणि तुटतं. दुसरी, चेनवरच फिरकीचे खटके : सोबतच्या चावीने फिरवून ढील काढायची. पिकअपच्या मोठ्या टायरसाठी ही सोय चांगली. तिसरी, आपोआप आवळणारी : थोडं अंतर चालवलं की आतली यंत्रणाच ढील ओढून घेते. सोपी, पण महाग. अशा चेनवर वेगळा रबर लावायचा का, ते पाकिटावरच्या सूचनेत पाहा.

आधी घरी लावून बघा

बर्फात चेन लावणं अवघड नसतं. पहिल्यांदाच लावणं अवघड असतं. म्हणून एखाद्या रविवारी गाडी दारात उभी करून हे करा :

1. चेन जमिनीवर पसरा. कुठे पीळ पडलेला नाही ना, ते पाहा. आकड्यांची टोकं टायरकडे नाही, बाहेरच्या बाजूला येऊ द्या.
2. चेन टायरवर वरून टाका आणि दोन्ही बाजूंना सारखी करा.
3. आधी आतल्या बाजूचा आकडा जोडा, मग बाहेरचा.
4. खटक्यांनी किंवा रबराने आवळा. उरलेलं टोक लोंबकळू देऊ नका, बांधून टाका.
5. गाडी थोडी पुढे न्या, थांबा आणि पुन्हा आवळा. ही पायरी गाळू नका. पहिल्या काही फेऱ्यांत चेन टायरवर बसते आणि ढील उरतेच.

सोबत एक प्लास्टिकची थैली भरून ठेवा : जाड जलरोधक हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, गुडघ्याखाली घालायला जुनी ताडपत्री, चार-पाच प्लास्टिकचे बंध, चाकाला लावायची उटी. गाडीत पाणी, खाऊ आणि पांघरूण असू द्या. रस्ता बंद झाला तर तासन् तास अडकावं लागतं.

चेन लावायला महामार्गावर ठरवून दिलेल्या जागा असतात. तिथेच, वाहतुकीपासून दूर थांबा. आय-८० वर पैसे घेऊन चेन लावून देणारी परवानाधारक माणसं असतात. त्यांच्या अंगरख्यावर क्रमांक असतो. पण त्यांना चेन विकायला किंवा भाड्याने द्यायला परवानगी नाही. म्हणजे चेन तुमच्याकडेच हवी.

चेन लावून चालवताना

वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवा, किंवा चेनवर लिहिलेल्या मर्यादेत. ॲक्सिलरेटर, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं हळुवार. उतारावर कमी गिअरमध्ये उतरा.

फक्त मागच्या चाकांवर चेन असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : मागे पकड आहे, पुढे नाही. गाडी निघेल व्यवस्थित, पण वळणावर पुढची चाकं सरळ घसरत जाऊ शकतात. म्हणून वेग वळणात नाही, वळणाच्या आधी कमी करायचा.

"टप टप" असा आपटल्याचा आवाज आला तर लगेच सुरक्षित जागी थांबा. चेन सैल झाली आहे किंवा एखादी कडी तुटली आहे. पुढच्या गावापर्यंत रेटू नका.

रिकाम्या हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची पोती ठेवण्याची जुनी युक्ती कामाची आहे. चाकांवर वजन येतं, आणि अडकल्यावर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. पोती घट्ट बांधा, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर ती पुढे येतात. गाडीच्या वजनाची मर्यादाही ओलांडू नका.

हिमाचलात पिकअप नेणार असाल तर

भारतातही आता टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअप घेऊन पुण्या-मुंबईहून थेट मनालीला जाणारे आहेत. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूला जाणं शक्य झालं. पण बोगद्याची तोंडं ३,००० मीटरहून उंच आहेत. बोगदा कोरडा असतो, त्याच्या आधीचा आणि नंतरचा रस्ता नाही.

बर्फ पडल्यावर पोलीस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या पुढे सोडतात, कधी सगळ्याच थांबवतात. मनालीच्या आसपास चेन भाड्याने मिळते, पण तिथे येणाऱ्या गाड्या मुख्यतः कार आणि जीप. तुमच्या पिकअपच्या रुंद टायरची चेन मिळेलच असं नाही. टायरचा आकार पाहून घरूनच घेऊन जाणं शहाणपणाचं. आपल्याकडच्या गाड्यांवरचे टायर बहुधा उन्हाळा-पावसाळ्याचे असतात. थंडीत त्यांचं रबर कडक होतं, त्यामुळे बर्फावर त्यांची पकड आणखी कमी. गोटा झालेल्या टायरवर चेन लावून बर्फात जाण्याचा विचारही करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चेन बसत नाही, टायरमधली हवा कमी करून लावू का?
नको. कमी हवेचा टायर पसरतो आणि तापतो. शिवाय नंतर हवा भरल्यावर चेनचा ताण बदलतो. बसत नाही म्हणजे आकार चुकला आहे.

मध्येच कोरडा रस्ता लागला तर?
थोडं अंतर असेल तर अगदी हळू जा. बर्फ संपलाच असेल तर सुरक्षित जागा बघून काढा. कोरड्या डांबरावर चेन झिजते, तुटते आणि टायरही खराब करते.

दोन चाकांना पुरे की चारही चाकांना?
मॅन्युअल परवानगी देत असेल तर चारही चाकांवर लावल्याने वळणं आणि ब्रेक सुधारतात. परवानगी नसेल तर मॅन्युअल सांगतं त्याच दोन चाकांवर. एकाच चाकावर कधीच नाही.

भाड्याची पिकअप असेल तर?
करार वाचा. अनेक कंपन्या चेन लावायला मनाई करतात आणि त्यामुळे झालेलं नुकसान ग्राहकाकडून वसूल करतात. तसं असेल तर बर्फाचे टायर असलेली गाडी मागा.

स्नो टायर असले तर चेन नको?
टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो आणि रोजच्या वापराला फार उपयोगी. नुसतं "एम+एस" असेल तर ती तशी चाचणी नव्हे. पण कॅलिफोर्नियात चेन सोबत ठेवण्याचा नियम दोघांनाही लागू आहे.

परत आल्यावर चेनचं काय करायचं?
साध्या पाण्याने धुवा, रस्त्यावरचं मीठ निघू द्या, पूर्ण वाळवा आणि मग पिशवीत भरा. तुटलेली, झिजून बारीक झालेली किंवा वाकलेली कडी दिसली तर पुढच्या हिवाळ्याची वाट न बघता बदला.

शेवटी, टायर किंवा गाडी बदलली की जुनी चेन आपोआप "आपली" राहत नाही. पिशवीवर मार्करने टायरचा आकार लिहून ठेवा. निघण्याच्या आदल्या रात्री दोन आकडे जुळतात का ते पाहायला अर्धा मिनिट लागतो.